आकाशातले लाइन क्लिअर

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाही तर वरचे शीर्षक वाचून कोणी तिकिटाची चौकशी करीत आमच्या दारी यायचा. आम्हांला विमान दिसते ते रात्री, गच्चीवर सतरंजी टाकून पडले म्हणजे. एक दिवा मिचमिचत ईशान्येकडून येतो आणि नैर्ऋत्येला विझून जातो. मुलांच्या शाळेचा नकाशा काढा आणि दिल्ली व मुंबई यांच्यामध्ये पट्टी ठेवून पाहा. रेघ आमच्या नवापूरच्या अंगावरूनच जाते. विमाने काही पट्टी धरून चालत नाहीत म्हणा, पण रेघ तिथून जाते एवढे खरे.

या नवापूरचे रेल्वे स्टेशनही मोठे मौजेचे आहे. दोन राज्यांची हद्द स्टेशनातूनच जाते. एकाच फलाटावर एक माणूस महाराष्ट्रात आणि चार पावलांवरचा दुसरा गुजरातेत. गाड्यांचा पुकारा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत. त्यातून तुम्ही नंदुरबारच्या मिरची बाजारात आलात तर अहिराणी, भिली, मावची, पावरी, गुजरी अशा बोली एकाच तराजूभोवती ऐकू येतील. मिरचीचा सौदा त्यामुळे कधी अडलेला मी पाहिला नाही. बाजारात बोटे असतात, भुवया असतात, आणि चूक झाली तर दोन रुपयांनी होते. रेल्वेत मात्र तसे चालत नाही.

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच की, माझी हयात स्टेशन मास्तरकीत गेली. माझ्या उमेदीच्या काळात मार्ग एकेरी होता. पुढच्या स्टेशनाचा होकार आल्याशिवाय मागच्याने गाडी सोडायची नाही, असा दंडक. या होकाराला लाइन क्लिअर म्हणतात. होकार नुसता 'हो' म्हणून द्यायचा नसतो. प्रत्येक मास्तरापाशी उलटसुलट आकड्यांचा एक छापील कागद असतो. त्यातला पुढचा आकडा तो फोनवर सांगतो, ऐकणारा तो वहीत लिहितो आणि परत म्हणून दाखवतो. त्याला प्रायव्हेट नंबर असे भारदस्त नाव आहे. उद्या कोणी म्हणाला, "मी होकार दिलाच नव्हता," तर हा आकडा साक्षीला उभा राहतो.

पावसाळ्याची एक रात्र होती. स्टेशनाचे नाव सांगत नाही. चूक माझी होती, स्टेशनाची नव्हे. पलीकडचा मास्तर गुजराती, मोठा सज्जन, पण मध्यरात्र उलटून गेलेली. मी मालगाडीसाठी लाइन क्लिअर मागितले. त्याने आकडा सांगितला, "नेव्यासी." गुजरातीत नेव्यासी म्हणजे ८९. पावसाच्या खरखरीत मी ऐकले "उन्यासी", म्हणजे हिंदीतले ७९. तसे लिहिले आणि तसेच मोठ्याने परत म्हटले. तो पेंगत "हा, हा" म्हणाला आणि फोन ठेवला. गाडी गेली, सुखरूप पोचली. पुढे तपासणीत दोन्हीकडच्या वह्या शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा प्रकार उघडकीस आला. आमचे मोठे मास्तर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "गाडी कोणाच्या शब्दावर सोडलीस?"

मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून त्यांनी हुकूमच काढला की, आकडा सुटा सुटा म्हणायचा: आठ, नऊ.

ही हकिगत मी २०२५ च्या दिवाळीत गच्चीवर माझ्या भाचीला सांगितली. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी बंगळूरला असते आणि विमानांची रहदारी सांभाळणाऱ्या संगणकांसाठी प्रोग्रॅम लिहिते. पोरगी हसेल अशी माझी अपेक्षा होती. ती हसली नाही.

"मामा, याच कारणासाठी आकाशातही आकडे सुटे सुटे म्हणतात," ती म्हणाली. "आणि तीनला ट्री, पाचला फाइफ, नऊला नाइनर म्हणायचं, हे आंतरराष्ट्रीय नियमात लिहून ठेवलंय. वैमानिकानं हुकूम परत म्हणून दाखवायचा आणि खालच्या माणसानं तो कान देऊन ऐकायचा. तुमच्या त्या मास्तरांसारखं 'हा, हा' म्हटलं की झालं."

मग तिने चरखी दादरीचे नाव काढले. १२ नोव्हेंबर १९९६ ची ती संध्याकाळ पुष्कळांना आठवत असेल. दिल्लीहून सौदी अरेबियाचे बोइंग वर चढत होते. त्याला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितले होते. समोरून कझाकस्तानचे इल्युशिन उतरत होते. त्याने १५ हजार फुटांवर राहायचे होते. दोघांच्या मध्ये हजार फुटांची जागा कागदावर शिल्लक होती. कझाक विमान मात्र खाली खाली येत राहिले आणि हरियाणाच्या शेतांवर दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. ३४९ माणसे गेली. एकही वाचले नाही. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत कझाक वैमानिकांचे इंग्रजी अपुरे असल्याचे दिसून आले. त्या विमानात जमिनीशी बोलणारा माणूस वेगळा आणि विमान हाकणारे वेगळे. दिल्लीच्या नियंत्रकापाशी तेव्हा जे रडार होते, त्यावर विमान कुठे आहे ते दिसे, पण किती उंचीवर आहे ते दिसत नसे. त्याने हुकूम बरोबर दिला होता. विमानाची उंची त्याला फक्त कानांनी कळत होती.

आमची ही फराळाचे ताट घेऊन वर आली होती. सगळे ऐकून ती म्हणाली, "मग यंत्रांनाच का नाही सांगत एकमेकांशी बोलायला? ती तरी झोपेत नसतील."

प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. जगातल्या मोठमोठ्या सरकारांनी साठ वर्षे याच प्रश्नापायी पैसा ओतला आहे. भाचीने त्या रात्री जे सांगितले आणि पुढे मी स्वतः वाचून काढले, ते एकत्र करून देतो.

विमान उडण्याआधी त्याचा सगळा बेत, म्हणजे कुठून, कोणत्या ठिकाणांवरून, किती उंचीने जाणार, हे संदेशाने पुढच्या सर्व केंद्रांना कळवतात. पूर्वी नियंत्रक हा बेत कागदाच्या लांबट पट्टीवर लिहून समोर लावून ठेवी आणि विमान पुढे सरकले की पट्टी सरकवी. पट्ट्या वाढल्या तेव्हा हे काम संगणकाकडे गेले. आपल्याकडे मुंबई आणि दिल्ली येथे १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीची यंत्रणा बसली. आता आमच्या गच्चीवरून दिसणारा दिवा मुंबईच्या पडद्यावर आपले नाव आणि उंची घेऊन सरकतो.

पण संगणकाला सांगायचे कोणत्या भाषेत? अमेरिकेने हे काम प्रथम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले, तेव्हा तिथे जोव्हिअल नावाची भाषा होती. जोव्हिअल म्हणजे आनंदी, खेळकर. ज्यूल्स श्वार्ट्झ नावाच्या गृहस्थाने ती १९५९ च्या सुमारास तयार केली आणि नावाच्या आद्याक्षरांत 'ज्यूल्सची स्वतःची आवृत्ती' अशी थट्टा भरून ठेवली. तेव्हा कोणाला वाटले असेल की, ही थट्टा चाळीस वर्षांहून अधिक काळ सगळ्या अमेरिकेची विमाने सांभाळणार आहे? १९८० नंतर तिथली यंत्रे बदलली, पण आतले लिखाण जुनेच नव्या यंत्रांवर चढवले. ज्यांनी ते लिहिले ते निवृत्त झाले, भाषा शिकवणाऱ्या शाळा उरल्या नाहीत, तरी ती हलेना. खानदेशी घरात जुने जाते हलवायला कोणी धजत नाही, कारण त्याच्या खाली काय निघेल सांगता येत नाही, तसाच प्रकार.

दुसरी भाषा एडा. ती अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मुद्दाम करवून घेतली. फ्रान्समधले झाँ इख्बिया तिचे कर्ते. कवी बायरनची मुलगी एडा लव्हलेस हिने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच, यंत्र पुरे झालेले नसताना, त्या यंत्रासाठी हिशेबाची रीत लिहून ठेवली होती, म्हणून तिचे नाव दिले. सरकारी कारकुनांनाही कधी कधी रसिकता सुचते. या भाषेच्या प्रमाणपत्राला त्यांनी १८१५ हा क्रमांक दिला, तो एडाच्या जन्माचा सन. आणि मंजुरी दिली १० डिसेंबर १९८० ला, तिच्या वाढदिवशी.

या एडाचा स्वभाव भाचीने समजावून दिला आणि मला माझी आजी आठवली. आजीचे सोवळे फार कडक होते. दुधाची पळी आमटीत घातलेली तिला चालत नसे. पळी धुतलेली आहे, स्वच्छ आहे, हे तुम्ही कितीही शपथेवर सांगा, ती विचारणार, "ही पळी कशाची?" एडाचे तसेच आहे. तुम्ही आरंभी सांगून ठेवायचे की हे फूट आहेत आणि हे मीटर. मग चुकून फुटांत मीटर मिळवायला गेलात तर ती कागदच परत करते. विमान उडण्याच्या कितीतरी आधी, लिहिणाऱ्याच्या टेबलावरच. उंची शून्यापासून अमुक फुटांपर्यंतच असेल असे तिला सांगितले की, त्याबाहेरचा आकडा ती आत येऊ देत नाही. दुसऱ्या कित्येक भाषा असल्या बाबतीत फार उदार असतात. आकडा तो आकडा, म्हणतात, आणि बेरीज करून मोकळ्या होतात.

हे सोवळे किती लाख मोलाचे आहे, त्याचा एक दाखला. २३ जुलै १९८३ ला कॅनडात एका नव्या कोऱ्या बोइंगमध्ये इंधन भरताना हिशेब किलोत हवा होता तो पौंडांच्या मापाने झाला. निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान निघाले आणि वाटेत हवेतच दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकाने ते नुसते तरंगत गिमली या गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि सगळे वाचले. आकड्यात चूक नव्हती. आकड्याच्या शेजारी कोणते माप आहे, एवढेच कोणी विचारले नव्हते. आजी असती तर विचारले असते.

अमेरिकेने जुना वाडा पाडून एकदमच नवा बांधायचा घाट घातला. १९८८ साली आय. बी. एम. कंपनीला काम दिले, भाषा एडा. नियंत्रकांच्या मागण्या बदलत गेल्या, काम फुगत गेले, अब्जावधी डॉलर खर्ची पडले, आणि १९९४ साली त्यातला मोठा भाग रद्द करावा लागला. यात एडाचा दोष नव्हता. चालत्या गाडीखालचे रूळ एका रात्रीत बदलू म्हणणाऱ्याचा दोष होता. पुढे एराम नावाची दुसरी यंत्रणा आली, तिचेही बरेचसे लिखाण एडातच. ती मात्र एकेका केंद्रात, सॉल्ट लेक सिटीपासून सुरुवात करून बसवत नेली. विसावे केंद्र पुरे झाले ते २०१५ च्या मार्चमध्ये. तेव्हा कुठे जोव्हिअलला या कामातून सुट्टी मिळाली. आज या क्षेत्रात सी-प्लस-प्लस आणि जावा याही भाषा चालतात. इंग्लंडात तर एडाची एक धाकटी लेक, स्पार्क नावाची, २०११ पासून लंडनच्या आकाशाच्या कामी आहे. लिहिलेले बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करता यावे, एवढे तिचे सोवळे कडक.

"म्हणजे झालं की!" आमची ही म्हणाली. "कडक सासू आणली की सून चुकत नाही."

भाचीने मान हलवली. इंग्लंडातच १२ डिसेंबर २०१४ ला काय झाले ते तिने सांगितले. तिथल्या एका यंत्रणेत एका वेळी किती कामे चालू असू शकतात याची मर्यादा १९३ हवी होती. कोण जाणे कसे, तपासणी करणाऱ्या ओळीत आकडा पडला १५१. वर्षानुवर्षे कामे १५१ च्या आतच राहिली, म्हणून कोणाला पत्ता नाही. त्या दिवशी ती १५३ झाली आणि यंत्रणा बसली. एडा बिचारी काय करणार? १५१ हा आकडाच होता, मापही बरोबर होते. लिहिणाऱ्याच्या मनात दुसरा आकडा होता, हे तिने कुठून जाणावे? शेजारी दुसरी, राखीव यंत्रणा होती. तिच्यातही तीच ओळ. तीही तशीच बसली.

मला आमच्या मोठ्या मास्तरांचा प्रश्न पुन्हा ऐकू आल्यासारखे झाले. दोन वह्या ठेवण्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा दोन्ही निरनिराळ्या माणसांनी आपापल्या कानांनी लिहिलेल्या असतात.

एवढ्यात एक दिवा आला. भाचीने वर बोट दाखवले आणि म्हणाली, "मामा, नंदुरबार स्टेशनची खूण काय हो?"

"एन. डी. बी.," मी अभिमानाने म्हणालो. चाळीस वर्षे मालगाडीच्या चिठ्ठ्यांवर हीच अक्षरे लिहिली.

"आमच्याकडे एन. डी. बी. म्हणजे नंदुरबार नाही. चहूकडे सारखी लहर सोडणारा एक रेडिओचा खांब. विमानातली सुई त्याच्याकडे वळते. असे खांब जगात पुष्कळ आहेत."

मी जरा खट्टूच झालो. पण या एका अक्षरगुच्छाचे दोन अर्थ ही नुसती गंमत नाही, हे तिच्या पुढच्या गोष्टीवरून कळले. २८ ऑगस्ट २०२३ ला लॉस एंजलिसहून पॅरिसला निघालेल्या एका विमानाचा बेत इंग्लंडच्या यंत्रणेकडे आला. वाटेतल्या ठिकाणांत डी. व्ही. एल. ही खूण दोनदा होती: एक अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटातले डेव्हिल्स लेक, दुसरे फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे दोव्हिल. दोहोंत हजारो मैलांचे अंतर. विमान इंग्लंडच्या आकाशातून बाहेर कुठे पडते हे यंत्रणा शोधू लागली, तिला डी. व्ही. एल. सापडले, ते अमेरिकेतले! विमान आत शिरण्याआधीच बाहेर पडते, असा हिशेब निघाला. चुकीचे काही नियंत्रकाला दाखवण्यापेक्षा गप्प बसलेले बरे, अशी तिला शिकवण होती. ती गप्प बसली. राखीव यंत्रणेनेही तोच कागद वाचला, तसाच हिशेब केला आणि तीही गप्प बसली. सगळा खेळ वीस सेकंदांच्या आतला. सात लाखांहून अधिक प्रवाशांचे हाल झाले. या यंत्रणेने त्याआधी दीड कोटी बेत बिनचूक वाचले होते म्हणे.

आपल्याकडे वडगावे किती आणि पिंपळगावे किती! म्हणून तर आपले पूर्वज पिंपळगाव बसवंत, वडगाव मावळ अशी जोडनावे लावून गेले, आणि पोस्टमन अजून तालुका-जिल्हा विचारतो. डी. व्ही. एल.च्या यंत्रणेने जिल्हा विचारला नाही. तो विचारायचा असतो हे तिला लिहिणाऱ्याने सांगितले नव्हते. कदाचित त्याच्या गावाच्या नावाचे दुसरे गाव नसेल.

भाची दोन दिवसांनी गेली. दिवाळी होऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच, ७ नोव्हेंबरला दिल्लीची बातमी आली. विमानांचे बेत इकडून तिकडे पोचवणारी संदेशयंत्रणा बिघडली होती आणि आठशेहून अधिक विमाने रखडली. मी तडक बंगळूरला फोन लावला. चरखी दादरीचे सगळे डोळ्यांपुढे उभे राहिले होते.

"मामा, कोणाला काही झालं नाही," ती म्हणाली. "विमानं कमी सोडताहेत. बेत हातानं भरताहेत."

"हाताने म्हणजे?"

"म्हणजे माणसं बसून, एकेक."

मी विचारले, आकडे सुटे सुटे म्हणताहेत ना? ती म्हणाली, म्हणत असतील. मग तिला काम होते, तिने फोन ठेवला. मी उठून कपाटातली माझी जुनी वही काढली. ७९ च्या जागी तांबड्या शाईने ८९ केलेले आणि खाली मोठ्या मास्तरांची सही. आमची ही विचारत होती की, इतक्या रात्री ट्रंक कशाला उघडली. ट्रंक नव्हे, कपाट. पण मी काही दुरुस्ती केली नाही.